जॅक चार्ल्टन : एक रांगडा गडी

२०२० सालच्या जुलैंत इंग्लंडमधील अ‍ॅशिंग्टन या जुन्या कोळसाखाणींच्या गांवांतून जॅक चार्ल्टनची अंत्ययात्रा गेली, तेव्हां दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत उभे होते. खाणकामगाराचा हा मुलगा लीड्सकडून ७७३ सामने खेळला. १९६६ सालीं विश्वविजयी इंग्लंडचा बचाव त्यानें सांभाळला. लाथाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें आपण टिपून ठेविलीं आहेत, असें त्यानें १९७० सालीं उघड सांगितलें, तेव्हां मोठा गहजब झाला! पुढें १९८६ सालीं आयर्लंडनें या इंग्रजालाच प्रशिक्षक नेमलें. आपल्याच खेळाडूंचीं नांवें तो चुके, आणि हंशा पिके. पण त्यानेंच १९९० सालीं तो संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरींत नेला. एका इंग्रजाच्या मृत्यूनें आयर्लंडनें आपलाच माणूस गेला म्हणून हळहळावें, ही त्या दोन देशांच्या इतिहासांत लहान गोष्ट नव्हे.