मूळ रूपाचा प्रश्न : एका रायफलीच्या पुनःस्थापनेचा इतिहास

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा ब्रिटनच्या आणि राष्ट्रकुलातील देशांच्या शस्त्रागारांत ली-एनफिल्ड रायफली लक्षावधी संख्येने शिल्लक होत्या. पुढील दोन दशकांत त्यांतील असंख्य रायफली अतिरिक्त लष्करी माल म्हणून विकल्या गेल्या आणि कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील शेतकऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या घरी पोहोचल्या. तेथे त्यांचे रूप पालटले. लाकूड कापले गेले, संगीन बसवण्याची सोय काढून टाकली गेली आणि सैनिकाचे शस्त्र हरणाच्या शिकारीचे साधन बनले. आज त्याच देशांतील काही जाणकार हे रूपांतर उलट दिशेने नेत आहेत. शिकारी बनवलेली रायफल पुन्हा सैनिकी रूपात उभी करण्याचा हा उद्योग वरवर छंदासारखा दिसतो. वस्तुतः तो इतिहासाच्या एका जुन्या आणि अवघड प्रश्नाला हात घालतो. एखाद्या वस्तूचे 'मूळ रूप' म्हणजे नेमके कोणते?

या शस्त्राची जन्मकथा थोडक्यात सांगता येते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाने तिच्या बोल्टची व काडतुसांच्या पेटीची रचना केली. नळीच्या आतील आट्यांची रचना लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने केली. दोन्ही नावे जोडून तिचे नाव पडले. पायदळ व घोडदळ दोघांनाही चालेल अशी आखूड ली-एनफिल्ड १९०२ च्या अखेरीस मंजूर झाली आणि १९०७ मध्ये तिची सर्वाधिक प्रसिद्ध अशी तिसरी आवृत्ती आली. पेटीत दहा काडतुसे, पंचवीस इंचांहून किंचित लांब नळी आणि तोंडापर्यंत पोहोचणारे लाकडी आवरण, ही तिची ओळख. .३०३ इंच या मापावरून भारतात ती 'थ्री नॉट थ्री' झाली.

भारतीय वाचकाला ही रायफल परकी नाही. कोलकात्याजवळच्या ईशापूर येथील कारखान्यात ती दीर्घकाळ घडवली गेली. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या भारतीय सैनिकांना मार्सेल्स बंदरात उतरल्यावर जुन्या रायफली जमा करून तिची नवी आवृत्ती देण्यात आली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. आणि १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत निःशस्त्र जमावावर जी १६५० काडतुसे झाडली गेली, ती याच जातीच्या रायफलींतून. शौर्य, पराभव आणि अत्याचार यांच्या स्मृती अशा एकाच लाकडालोखंडात एकत्र आल्या आहेत.

शिकारीसाठी केलेल्या रूपांतरामागे व्यावहारिक कारणे होती. सैनिकी रायफल जड असते. डोंगरातून दिवसभर वाहून नेणाऱ्याला संगिनीची टोपी आणि पूर्ण लांबीचे लाकूड यांचा उपयोग नसतो. म्हणून नळीखालचे लाकूड मध्यावर कापले जाई, वरचे आच्छादन फेकून दिले जाई, कधी नळीही आखूड केली जाई. घरच्या करवतीने हे काम करणारे जसे होते, तसे बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारखे व्यवसायिकही होते. कायद्याचाही यात वाटा होता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये सैनिकी मापाच्या काडतुसांवर निर्बंध असल्यामुळे .३०३ चे काडतूस तोंडाशी आवळून पंचवीस मापाची गोळी चालवणाऱ्या नळ्या बसवल्या गेल्या. भारतातही .३०३ हे माप सामान्य नागरिकाला वर्ज्य राहिले आणि ईशापूरने त्याच यंत्रणेवर .३१५ मापाची शिकारी रायफल तयार केली.

रूपांतर एका दुपारी होत असे. पुनःस्थापनेला मात्र महिने लागतात. प्रथम काय उरले आहे याची मोजदाद करावी लागते. केवळ लाकूड कापले असेल तर आशा असते. नळी आखूड झाली असेल, दुर्बीण बसवण्यासाठी पोलादात भोके पाडली असतील किंवा काडतुसे भरण्याचा वरचा पूल घासून टाकला असेल, तर हानी बहुधा कायमची असते. त्यानंतर उकलण्याचा क्रम येतो. दस्ता एका लांब स्क्रूने मागून जखडलेला असतो आणि त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न उतरवता जो हा स्क्रू फिरवतो, त्याच्या हातून ते लाकूड चिरते. नवे अथवा जुन्या साठ्यातील लाकूड मिळाले तरी ते नुसते बसवून भागत नाही. गोळीचा धक्का लाकडाच्या मागील भागातील दोन लहान आधारपृष्ठांवर येतो. ती पृष्ठे धातूला समान टेकली नाहीत तर नेम बिघडतो आणि कालांतराने लाकूड फुटते. कानशीने थोडे घासायचे, पुन्हा बसवून पाहायचे, असे हे संयमाचे काम आहे. अखेरीस जवसाच्या तेलाचे हात अनेक दिवस द्यावे लागतात. बोल्टचे डोके आणि नळी यांतील अंतर मापकाने तपासल्याखेरीज अशी रायफल चालवणे धोक्याचे असते. केवळ कवायतीसाठी म्हणून शिक्का मारलेली रायफल तर कधीच चालवू नये.

परंतु खरी अडचण हाताच्या कौशल्याची नाही. समजा, एखादी रायफल १९१० मध्ये तयार झाली. तेव्हा तिला दूरवर सामूहिक गोळीबार करण्यासाठी बाजूची नेमपट्टी होती आणि पेटीतील काडतुसे राखून ठेवणारी एक सरकपट्टीही होती. युद्धाच्या घाईत १९१६ च्या सुमारास उत्पादन सोपे करण्यासाठी हे भाग गाळण्यात आले आणि जुन्या रायफलींच्या दुरुस्तीतही ते निघून गेले. दुसऱ्या महायुद्धात तिला नवी नळी मिळाली असेल. मग तिचे मूळ रूप कोणते? कारखान्याच्या दारातले, खंदकातले की अखेरच्या दुरुस्तीनंतरचे?

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्या कार्याला जी शिस्त लावली, तिचे मर्म हे की संपादकाने व्यासांची स्वहस्ताची प्रत सापडल्याचा आव आणू नये. हस्तलिखितांच्या आधाराने जेथवर मागे जाता येईल तेथवर जावे आणि गाळलेले पाठही तळटीपांतून वाचकासमोर ठेवावेत. ईशापूरच्या रायफलींत नळीखालच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला आढळतो. लाकूड चिरू नये म्हणून भारतीय कारागिरांनी केलेली ही भर होती. इंग्लंडमधील नमुन्यात ती नाही, एवढ्याच कारणाने एखाद्याने ती 'अशुद्धी' ठरवून काढली, तर तो मूळ रूप परत आणत नाही. भारतीय हातांची साक्ष पुसून टाकतो.

येथेच पुनःस्थापना आणि बनावट यांची सीमा आहे. या रायफलींच्या पोलादी चौकटीवर, नळीवर, बोल्टवर आणि पुढच्या टोपीवर एकच क्रमांक कोरलेला असतो. बाहेरून आणलेल्या भागावर तोच क्रमांक ठोकून सर्व काही एकसंध असल्याचे भासवता येते आणि बाजारात तशा वस्तूला अधिक किंमतही येते. प्रामाणिक कारागीर परका क्रमांक तसाच राहू देतो, बदललेल्या भागांची नोंद ठेवतो आणि कापलेले लाकूडही जपतो. शिकारी रूपाला स्वतःचा इतिहास आहे, हेही तो विसरत नाही. पन्नास वर्षे एखाद्या कुटुंबाचे अन्न मिळवून देणारे साधन केवळ विद्रूप झालेले शस्त्र नसते. पार्कर-हेलसारख्यांच्या कारागिरीचे नमुने तर आहेत तसेच राखणे योग्य होय.

उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने २०२० च्या प्रजासत्ताकदिनी 'थ्री नॉट थ्री'ला समारंभपूर्वक निरोप दिला. शस्त्र सेवेतून निघून गेले की त्याचा अर्थ ठरवण्याचे काम इतिहासाकडे येते. पूर्ण लांबीचे लाकूड आणि संगिनीची टोपी पुन्हा बसली म्हणजे मार्सेल्स, कुत आणि अमृतसर या तिन्ही स्मृती एकदमच परत येतात. त्यांतली सोयीची तेवढी निवडता येत नाही. त्या सर्वांसह आणि मधल्या शिकारी वर्षांच्या नोंदीसह रायफल उभी राहिली, तरच पुनःस्थापनेचे ते श्रम इतिहासाच्या पदरी जमा होतात.