बैलगाडीतला कॅमेरा आणि झोळीतला कॅमेरा

श्रोतेहो, दिवाळीची सुटी जवळ आली की राहात्याच्या आसपासच्या शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोणी हरिश्चंद्रगड म्हणतो, कोणी रतनगड, कोणी कळसूबाई. मग कुणीतरी विचारतोच, "गुरुजी, कॅमेरा कुठला घ्यावा?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची हकिकत आहे. ती ऐकलीत तर दुकानदारासमोर उभे राहिल्यावर तुमची फसगत व्हायची नाही.

आपल्या मुलखातून उत्तरेला गेले की अजिंठा. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला तिथे पाठवले. काम काय, तर लेण्यांतल्या भिंतीवरची चित्रे जशीच्या तशी कापडावर उतरवायची. हा गृहस्थ तिथेच राहिला आणि वर्षानुवर्षे रंगवत बसला. त्याची चित्रे विलायतेला गेली, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून मोजकी सोडता बाकी सारी जळाली. इतक्या वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली हो!

पण गिलच्या हाती १८५६ च्या सुमारास कॅमेराही आला होता. दोन भिंगांचा कॅमेरा, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखे उठावदार चित्र दाखवणारा. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकांतून छापली गेली. एक छाप जळाली तरी दुसरी कुठेतरी उरते, हा छायाचित्राचा मोठा गुण. रंग मात्र त्यात नव्हते, आणि रंग हाच तर अजिंठ्याचा जीव. तेव्हा गिलचे नुकसान भरून निघाले असे म्हणता येणार नाही.

त्या वेळी फोटो काढणे म्हणजे काय खटाटोप होता, तो बघा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची रीत काढली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत अंधारात धुऊन काढायची. हातात जेमतेम दहा मिनिटे. आपल्याकडच्या उन्हात तर त्याहूनही कमी. म्हणून काळा तंबू बरोबर, काचांच्या पेट्या बरोबर, औषधांच्या बाटल्या बरोबर, पाण्याचे हंडे बरोबर. हे सगळे गाडीत आणि हमालांच्या डोक्यावर. साहजिकच जिथे गाडी जाईल आणि हमाल मिळतील तिथलीच चित्रे निघाली. मोठी लेणी टिपली गेली. आपल्या वेशीबाहेरच्या वीरगळाकडे आणि पडक्या बारवेकडे कोण कशाला गाडी वळवतो!

तरी हे शास्त्र साहेबांपुरतेच राहिले, असे समजू नका. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास या विद्येचा वर्ग निघाला. त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. मात्र खर्च पाहता हे शहरातल्या सुखवस्तू माणसांचेच काम होते.

पुढची हकिकत ओझे उतरण्याची आहे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या काचेची युक्ती सांगितली आणि तंबू सुटला. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी घातलेली असे, ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. जर्मनीत ऑस्कर बार्नॅक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. डोंगरात जड कॅमेरा वाहवेना. त्याने सिनेमाची फिल्म वापरून तळहाताएवढा कॅमेरा केला. तोच १९२५ साली लायका नावाने बाजारात आला. दम लागणाऱ्या माणसाने तो केला, हे गड चढताना आठवण्यासारखे आहे.

आपल्याकडे पुढे आग्फाचा क्लिक थ्री घरोघरी गेला. एका फिल्मवर बारा चित्रे, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबी. १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने फिल्मशिवायचा पहिला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र फक्त दहा हजार ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद! आज कोट्यवधी ठिपके खिशात मावतात.

तर आता निवड. दुकानदार ठिपक्यांचा आकडा सांगेल. त्याला भुलू नका. विचारा, आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा, म्हणजे सेन्सरचा, आकार केवढा? बार्नॅकच्या चित्राचे माप ३६ बाय २४ मिलिमीटर होते. तेच आजही 'पूर्ण' माप धरतात. 'एक इंची' म्हणवणारी पट्टी प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असते. 'फोर थर्ड्स' पट्टी साधारण १७.३ बाय १३, म्हणजे पूर्ण मापाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. शेत मोठे तर पाऊस जास्त झेलेल, तसेच हे. पण शेत वाढले की अवजारेही वाढतात. मोठ्या पट्टीला भिंगही मोठे आणि जड लागते. चढणीला लागणाऱ्या माणसासाठी मला मधली मापे बरी वाटतात.

भिंगाचे म्हणाल तर कुठे जाणार त्यावर ठरते. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा एका चौकटीत धरायचा तर रुंद भिंग हवे, पूर्ण मापाच्या हिशेबात २४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. फोर थर्ड्सच्या कॅमेऱ्यावर हेच काम १२ मिलिमीटरचे भिंग करते. तिथेच केदारेश्वराच्या गुहेत, पाण्यातल्या पिंडीपाशी, उजेड नसतो. तिथे भिंगाचे तोंड मोठे हवे. एफ २.८ चे तोंड एफ ५.६ पेक्षा चौपट प्रकाश आत घेते, म्हणून हा आकडा लहान असलेला चांगला. कर्जत तालुक्यात रेहेकुरीची काळविटे किंवा नांदूर मधमेश्वरचे पक्षी टिपायचे तर लांबचे भिंग लागेल, ३०० मिलिमीटरच्या पुढचे. या तिन्ही गोष्टी एकाच भिंगात हव्यात असे म्हणाल तर कुठेतरी तडजोड येणारच. केवळ गड आणि देवळे पाहायची असतील तर न बदलणाऱ्या भिंगाचा, २४ ते ७० किंवा १०० पर्यंतचा छोटा कॅमेरा भागवतो. धूळही आत कमी जाते. आणि उन्हात वर्गाचा फोटो काढायला हातातला मोबाईल पुरतो, त्यासाठी नवी खरेदी नको.

पावसाळ्यात अकोल्याच्या डोंगरात भिंगावर बुरशी चढते. घरी आल्यावर कॅमेरा पुसून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता गाडी नको, तंबू नको. तेव्हा सहलीच्या वाटेवर, किंवा आपल्याच गावात, वीरगळ किंवा शिलालेख दिसला तर थांबा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात अक्षरे सपाट दिसतात. सकाळी किंवा मावळतीला तिरपा उजेड पडला की उठून येतात. सावलीत असेल तर मुलाला बाजूने विजेरी धरायला सांगा. खडू किंवा शेंदूर फासू नका. दगडासमोर सरळ उभे राहा, रुंद भिंग वापरू नका, कारण त्याने कडा वाकड्या येतात. शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. आणि पहिले चित्र एका कागदाचे काढा. त्यावर गावाचे नाव, जागा आणि तारीख ठळक अक्षरात लिहिलेली असावी.