'अटक' आणि 'अटकेपार'

मराठीत 'अटक' म्हणजे अडथळा, प्रतिबंध. आज मुख्यतः पोलिसांनी ताब्यात घेणे. सिंधूकाठी अटक येथे अकबराने १५८१ ते १५८३ या काळात किल्ला बांधला. सिंधू ओलांडल्यास धर्म बुडतो, या समजुतीमुळे त्या स्थलनामात लोकांना निषेधच ऐकू येई. १७५८ मध्ये राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूपर्यंत पोहोचल्या. 'अटकेपार झेंडा लावणे' हा वाक्प्रचार त्याच पराक्रमाची आठवण होय. मात्र पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. 'अटकेत' आणि 'अटकेपार' यांतील सामान्यरूप एकच आहे. पण दुसऱ्या शब्दाने केवळ विजय जपला, त्याची अल्प मुदत नव्हे. वाक्प्रचार शिकवताना ती मुदतही सांगायला हवी.