बाळाच्या पांघरुणातली हिरवी ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

देवनार म्हटलं की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात, कचऱ्याचा डोंगर आणि कत्तलखाना. पहिली १९२७ पासूनची, दुसरी १९७१ ची. लोकर कुणालाच आठवत नाही. देवनारला लोकर दिसलीच तर बकरी ईदच्या आधी बाजारात आलेल्या मेंढ्यांच्या अंगावर. तरीही आज मी बोलणार आहे ते देवनारच्या एका लोकरीच्या पांघरुणाविषयी. माझ्या आईनं ते १९६३ मध्ये माझ्या धाकट्या भावासाठी विणलं. रुंदीला सात आणि लांबीला नऊ असे ६३ रंगीबेरंगी चौकोन क्रोशाच्या सुईनं विणून एकमेकांना जोडलेले. या चौकोनाला इंग्रजीत ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. माझी आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती.

चौकोन कसा होतो ते आधी सांगते, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे. चार साखळ्या घालून त्यांचा गोल करायचा. गोलात तीन-तीन खांबांचे चार गुच्छ घालायचे आणि प्रत्येक गुच्छानंतर कोपऱ्यासाठी साखळ्या. ही पहिली फेरी, बारा खांबांची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गुच्छ, म्हणजे चोवीस खांब. तिसरीत छत्तीस. पाच फेऱ्यांच्या चौकोनात १८० खांब होतात आणि ६३ चौकोनांत ११,३४०. गंमत अशी की प्रत्येक फेरी संपली की रंग बदलता येतो. त्यामुळे लोकरीचा हातभर उरलेला गुंडाही वाया जात नाही. कुठल्या तरी चौकोनाच्या पोटात पहिली फेरी म्हणून तो बसतोच.

उरल्यासुरल्यातून बाळाचं पांघरूण करायचं ही कल्पना आपल्याला कुणी शिकवायला नको होती. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं घराघरांत होत असे. शंभर वेळा धुतलेलं लुगडं जितकं मऊ असतं तितकं नवं कापड कधीच नसतं, हे त्यामागचं साधं शहाणपण. बाळंतविड्यात कुंची, टोपडं, झबलं यांच्या घडीत हे दुपटं असायचं. लोकर मात्र त्यात नव्हती. आपली लोकर दख्खनी मेंढीची. ती खरखरीत, घोंगडीला उत्तम. पावसात धनगराच्या डोक्यावर घोंगडी शोभते, पण तान्ह्या बाळाच्या गालाला ती कोण लावणार?

क्रोशाची सुई आपल्याकडे पोचली ती मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांच्या वाटेनं. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या. त्या काळच्या मिशन शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असेच. क्रोशाचं वेड युरोपात पसरलं ते पुढे, १८४० नंतरच्या दशकात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला आणि क्रोशाची लेस विकून कित्येक घरांची चूल पेटती राहिली. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी हीच कला नेली आणि तिथे तिचा मोठा धंदा उभा राहिला. मराठी घरात मात्र क्रोशा आला तो पांढऱ्या सुती दोऱ्याचा. रुमालाची किनार, दारावरचं तोरण, टेबलक्लॉथ, आणि हो, रेडिओवरचं झाकण! आमच्या घरचा रेडिओ गणपतीच्या मखरासारखा दिसायचा. दुपारी त्याच झाकणाखालून ‘वनिता मंडळ’ ऐकू यायचं. हे काम कौतुकाचं, पाहुण्यांना दाखवायचं. त्यात दोरा एकाच जातीचा, एकाच छटेचा हवा. उरलेलंसुरलेलं तिथे चालत नसे.

उरलेल्या लोकरीचा चौकोन ही अमेरिकेतली कल्पना. तिथल्या शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या पत्रात १८८५ मध्ये असा चौकोन छापून आला होता. थंडी मरणाची आणि लोकर मोलाची, अशा मुलखात तो जन्मला हे समजण्यासारखं आहे. पण देवनारला? इथे जानेवारीतसुद्धा पंखा लागतो.

याचं उत्तर आमच्या शेजारात होतं. फाळणीनंतर चेंबूरला निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि सिंधी कुटुंबं तिथे वसली. त्यांतलंच एक कुटुंब पुढे आमच्या बैठ्या चाळीत राहायला आलं. देवनार तेव्हा गावच होतं. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये इथे आली होती, तिच्या आवारापलीकडे झाडी, मग मोकळं रान, मग खाडी. त्या सिंधी काकूंच्या हातात कायम लोकर असे. कराचीहून येताना सोबत काय आणलं असं आईनं एकदा विचारलं, तेव्हा काकूंनी बोटं पुढे करून दाखवली होती. चौकोन आईला त्यांनी शिकवला. दोन सुयांचं विणकाम आईला येत होतंच.

मग आलं १९६२. ऑक्टोबरच्या २० तारखेला चीननं हल्ला केला आणि पुरेशा गरम कपड्यांविना आपले जवान बर्फात लढताहेत, ही बातमी घराघरांत पोचली. नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचं सगळे म्हणू लागले. बायकांनी बांगड्या दिल्या आणि देशभर सुया चालू लागल्या. ज्या शहरात कुणालाच स्वेटर लागत नाही, त्या मुंबईत लोकलच्या डब्यात, शाळेत, ओट्यावर बायका स्वेटर विणत होत्या. मी तेव्हा सातवीत होते. आम्हा मुलींना मोज्यांचं काम होतं आणि माझ्या मोज्याची टाच कधीच जमली नाही. तो मोजा पुढे कुणाच्या पायात गेला असेल, या विचारानं मला अजून ओशाळायला होतं.

आमच्या भागातल्या एका महिला मंडळातर्फे लोकर वाटली जायची. रंग एकच, ऑलिव्ह हिरवा. आई अजून औंसातच बोलायची. इतके औंस आणले, इतके संपले. लोकर वजन करून मिळायची, स्वेटर मात्र नग मोजून परत घेत. उरलेली लोकर परत करायची असा नियम होता. आईनं त्या हिवाळ्यात चार स्वेटर दिले.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ झाला आणि बारशाच्या दिवशी ते पांघरूण पाळण्याच्या कठड्यावर आलं. लाल, पिवळे, जांभळे, काकूंनी दिलेल्या गुलाबी लोकरीचे असे चौकोन. खालची शेवटची ओळ सात चौकोनांची, सगळी हिरवी. मला ती दिसल्याचं आठवतच नाही. आठवत नाही, कारण आई ती ओळ नेहमी गादीखाली खोचायची. बाळानं लाथा मारून पांघरूण काढू नये म्हणून, असं मी समजत होते.

खरं कळायला तीस वर्षं गेली. भावाच्या मुलीच्या बारशासाठी आईनं पांघरूण ट्रंकेतून काढलं. उलगडलं तेव्हा वरचे रंग विटलेले आणि खालची ओळ मात्र नव्यासारखी हिरवीगार. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “ती जवानांची लोकर. परत द्यायची राहिली.” थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, “राहिली कसली. दिली नाही मी. बाळासाठी ठेवली.” एवढंच. ती पुन्हा त्यावर बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

इतिहासाची शिक्षिका होते, म्हणून नंतर मी गुपचूप हिशेब करून पाहिला. तेवढ्याच जाडीची लोकर घेऊन एक चौकोन विणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकला. दहा-अकरा ग्रॅम भरला. सात चौकोनांना पाऊणशे ग्रॅम धरा. चार स्वेटरांत मिळून एवढी लोकर उरू शकते, प्रत्येकी वीसेक ग्रॅम. म्हणजे कुणा जवानाचा स्वेटर दोन बोटं आखूड करून ती काढली असं म्हणायला आधार नाही. हिशेब जुळतो. तरी ओळ खोचलेली होती, हेही तितकंच खरं.

त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फौजा, खिंडी, चुकलेले निर्णय यांविषयी पुष्कळ लिहिलं. बायकांनी विणलेल्या स्वेटरांचा उल्लेख एखाद्या कौतुकाच्या वाक्यात येतो. त्या बायकांच्या घरात काय चाललं होतं, नवऱ्याच्या पगारात लोकर घेणं परवडत होतं का, पोटात बाळ असताना दुसऱ्यांच्या मुलांसाठी विणताना त्यांना काय वाटत होतं, हे कुठल्या दप्तरात सापडायचं?

पांघरुणात मात्र सापडतं, वाचता आलं तर. ट्रंकेत कसर लागली तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. काही चौकोन चाळणीसारखे झाले, काहींना कसरीनं तोंडही लावलं नाही. एकेक धागा काढून काडीनं पेटवून पाहिला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिकचा वितळून कडक मणी होतो. अकरा चौकोन ॲक्रिलिकचे निघाले. म्हणजे आईनं मधल्या काळात, कॅशमिलॉनची लोकर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली तेव्हा, फाटलेले चौकोन गुपचूप बदलले होते. कॅशमिलॉन स्वस्त, धुवायला सोपी, कसर न लागणारी. आज बाळंतविड्यात लोकरीच्या म्हणून जे टोपडं येतं ते बहुधा याच जातीचं असतं, आणि आपल्या हवेत बाळाला त्यात घाम फुटतो. डॉक्टर तर आता तान्ह्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवूच नका म्हणतात, जाळीत बोटं अडकतात तो धोका वेगळाच. त्यांचं ऐकावं. आमचं पांघरूण आता पाळण्यात जात नाही. वर्षाचं पोर झालं की त्याला मांडीवर घेऊन बसताना आम्ही ते गुडघ्यांवर घेतो.

मध्यंतरी आमच्या बचत गटातल्या दोघींनी असंच पांघरूण विणून चेंबूरच्या एका दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, मशीनची ब्लँकेट चारशेला मिळते, हिचे तेवढेच देईन. दोन सुयांच्या विणकामाला १५८९ मध्येच इंग्लंडात यंत्र मिळालं. क्रोशाचं, बाजारात चालेल असं यंत्र आजही नाही. दुकानात टांगलेला ग्रॅनी स्क्वेअरचा प्रत्येक कपडा कुणाच्या तरी हातानंच झालेला असतो. एका चौकोनाला पंचवीस मिनिटं धरली तर नुसते चौकोनच सव्वीस तासांचे, जोडणी आणि किनार वेगळी. मी हा हिशेब दुकानदाराला सांगितला. त्यानं तो शांतपणे ऐकला आणि चारशेच म्हणाला. पांघरूण परत आलं. त्यांतल्या एकीच्या नातवाकडे आहे.

गेल्या वर्षी हिरव्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनाला कसर लागली. पाच फेऱ्यांपैकी तीन गेल्या होत्या. तो काढून मी दुसरा विणून लावला. खरी लोकर मिळवायला दोन दुकानं फिरले. हा चौकोन निळा आहे. ऑलिव्ह हिरवा दुकानदाराकडे नव्हता.