दांपत्यविश्वास व लैंगिक आरोग्य (कामशेत व मावळ)

पती एकनिष्ठ आहे, या श्रद्धेवर विसंबून विवाहित स्त्री आपल्या शरीररक्षणाविषयी जे निर्णय घेते, आणि त्याच श्रद्धेपायी जे निर्णय घेणे तिला दुरापास्त होते, त्यांचा हा विषय. इंद्रायणीच्या खोऱ्यातील कामशेत ही भोवतालच्या मावळी खेड्यांची पेठ. मुंबई-पुणे लोहमार्ग व जुना हमरस्ता तिला लागूनच जातात. कामधंद्यासाठी पुरुषाने मुंबईस राहावे आणि स्त्रीने गावी भातशेती व सासुसासरे सांभाळावे, ही संसाराची विभागणी या मुलखात जुनी आहे. विरह म्हणजे व्यभिचार नव्हे, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. परंतु एकटीने घर राखणाऱ्या स्त्रीस पतीच्या वर्तनाची माहिती केवळ त्याच्याच शब्दावरून मिळते, हेही तितकेच खरे.

या विश्वासाची मर्यादा पुण्यातील संशोधनाने उघड केली. १९९३ ते १९९६ या काळात तेथील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची जी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले; तीत वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. या स्त्रिया आधीच व्याधिग्रस्त म्हणून आलेल्या असल्याने हे प्रमाण सर्व समाजाचे मानता येत नाही. तथापि स्त्रीचे पातिव्रत्य तिचे रक्षण करण्यास पुरेसे नाही, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते. हे केवळ येथेच घडते असे नाही; अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनाही एचआयव्हीचा संसर्ग मुख्यतः पुरुषाशी आलेल्या संबंधातूनच होतो, आणि नाते जसे दृढ होते तसा निरोधाचा वापर सुटतो, असे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे.

निरोध १९६८ पासून सरकारी कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून घरोघर परिचित झाला, आणि पत्नीला तो मागणे अवघड जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे. महाराष्ट्रात संततिनियमनाचा सर्वाधिक रूढ मार्ग स्त्रीची शस्त्रक्रिया हाच असल्यामुळे, एकदा 'ऑपरेशन' झाले की निरोध मागण्यास गर्भधारणेचे निमित्त उरत नाही; मग पत्नीने तो मागितला तर तिने नवऱ्यावर संशय घेतला असा, किंवा तिचेच पाऊल वाकडे पडले असा अर्थ लावला जातो. 'अंगावरून पांढरे जाते' ही तक्रारसुद्धा ती लाजेने वर्षानुवर्षे दडपून ठेवते. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या विषयांवर उघडपणे लिहिले, त्याची गरज मराठी घरांत अद्याप संपलेली नाही.

गर्भवतीची एचआयव्हीसाठी रक्ततपासणी नियमाने होत असल्याने संसर्ग पुष्कळदा प्रथम तिच्याच रक्तात सापडतो, आणि 'हिनेच रोग घरात आणला' हा ठपका तिच्या माथी येतो. जोडप्याने एकत्र तपासणी करून घेतल्यास या अन्यायाला पुष्कळसा आळा बसतो, कारण मग तपासणी हा एकीवरचा आरोप न राहता दोघांची नित्याची बाब होते.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यान्वये संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि बाधित व्यक्तीस सामायिक घरातून बाहेर काढता येत नाही. निदान जोडीदारास कळविण्याची मुभा वैद्यास काही अटींवर आहे. परंतु त्यामुळे मारहाण वा परित्याग होण्याची सार्थ भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर त्याने ते कळवू नये, असा स्पष्ट निर्बंध त्याच कायद्यात आहे.