स्नेक नदीतला मुक्काम

धरणाचा इतिहास लिहिला जातो तो माणसाच्या बाजूने. पाणी किती अडले, जमीन किती भिजली, वीज किती निघाली आणि गावे किती उठली, एवढा जमाखर्च मांडला की आपण वही मिटतो. पण त्याच धरणाची दुसरी एक वही एका माशाने ठेवलेली आहे, आणि तीही स्वतःच्या अंगावर. तिच्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत.

हा मासा म्हणजे अमेरिकेच्या वायव्येकडील स्नेक नदीतला चिनूक सॅमन. आपल्याकडे रावसाला हौसेने ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. त्याचे आणि याचे काही नाते नाही. चिनूक जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि काही वर्षांनी आपल्या नदीत परत येऊन, वाळूगोट्यांत अंडी घालून मरतो. त्यांच्यातली एक जात शरद ऋतूत येते. तिच्या पिलांचा रिवाज ठरलेला होता : वसंतात गोट्यांतून बाहेर यायचे, काही आठवडे काठाने चरायचे आणि उन्हाळ्याने पाणी तापण्याआधी प्रवाहाबरोबर समुद्र गाठायचा. वरच्या खोऱ्यात भूगर्भातले कोमट झरे नदीला मिळत. त्यामुळे अंडी लवकर उबत आणि हे वेळापत्रक सहज जमे.

1901 साली स्वान फॉल्सचे धरण झाले आणि अगदी वरचा पट्टा तुटला. पुढे ब्राउनली (1958), ऑक्सबो (1961) आणि हेल्स कॅन्यन (1967) या तीन धरणांनी वरचे सारे खोरे माशांना कायमचे बंद केले. खाली 1962 ते 1975 या काळात आणखी चार धरणे उभी राहिली. या चारांना मोठ्या माशांसाठी पायऱ्या ठेवल्या होत्या. पण खाली जाणाऱ्या पिलांना नेणारा ओघच उरला नाही. वाहती नदी जाऊन ओळीने तळी झाली. 1855 च्या तहाने आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवणाऱ्या नेझ पर्स लोकांच्या हाती हक्क राहिला, मासे राहिले नाहीत. 1990 साली लोअर ग्रॅनाइट धरण ओलांडून वर गेलेले, नदीतच जन्मलेले या जातीचे मोठे मासे भरले अवघे 78. 1992 मध्ये सरकारने ही जात संकटात असल्याचे जाहीर केले.

उरलेल्या जागांपैकी क्लिअरवॉटर नदीचे पाणी थंड. तिथली पिले उशिरा बाहेर येतात, सावकाश वाढतात. निघण्याजोगी होतात तोवर वाट बघायची वेळ टळून गेलेली असते. त्यांतल्या काहींनी मग निघणेच पुढे ढकलले. ज्या तळ्यांनी वाट अडवली, त्याच तळ्यांत त्यांनी हिवाळा काढला आणि पुढच्या वसंतात, वर्षाची होऊन, चांगली थोराड होऊन ती समुद्रात उतरली. थोराड पिलू समुद्रात अधिक तगते.

हे कळले कशावरून? खवल्यांवरून. झाडाच्या खोडाप्रमाणे खवल्यावर वलये उमटतात. हिवाळ्यात ती दाट होतात. परतलेल्या माशाच्या खवल्यावर गोड्या पाण्यातला एक हिवाळा लिहिलेला सापडला, की मुक्काम सिद्ध झाला. 2005 साली संशोधकांनी अशा पिलांचा वेगळा वर्ग प्रसिद्धपणे मांडला.

हा बदल केवळ परिस्थितीचा, की रक्तात उतरलेला? ही मोठी धरणे झाल्यापासून माशांच्या फार थोड्या पिढ्या झाल्या असतील. तरीही 2017 मध्ये रॉबिन वेपल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नेकच्या पिलांचा अभ्यास केला, आणि बदलाचा काही अंश आनुवंशिक असावा, असे अनुमान काढले.

इथे मला थांबावेसे वाटते. मी शाळेत इतिहास शिकवतो. ‘लोकांनी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले’ हे वाक्य आमच्या पुस्तकांत पानोपानी असते, आणि ते वाचले की मुलांना वाटते, प्रश्न मिटला. खालची चार धरणे काढावीत की नाहीत, हा वाद तिकडे धुमसतो आहे. 2023 साली सरकार आणि तिथल्या आदिवासी जमाती यांच्यात एक करार झाला. 2025 मध्ये सरकारने तो मोडला. अशा वादात कोणीही म्हणेल, मासा शिकला ना राहायला, मग धरणाचे काय वाईट?

पण जे शिकले त्यांचीच वलये आपण वाचतो. जे न शिकता वाटेतच संपले, त्यांचे खवले कोणी वाचलेले नाहीत. शिवाय उद्या नदी मोकळी झाली, तर लवकर निघणाऱ्या जुन्या रिवाजाची पिले पुन्हा कामाला येतील. ती अजून आहेत, थोडी का होईना. दोन्ही रिवाज जिवंत राहिले, तरच या जातीच्या हाती काही शिल्लक राहील. जुळवून घेणे म्हणजे संमती देणे नव्हे, एवढे तरी मी वर्गात आता फळ्यावर लिहून देतो.