यीस्टच्या चाचणीतलं उसनं माध्यम

औषधांना न जुमानणाऱ्या यीस्टवर कोणतं औषध चालेल, हे प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ठरतं. खळग्यागणिक औषध निम्मं होत जातं, यीस्ट सगळीकडे सारखंच, तापमान ३५ अंश. २४ तासांनी प्लेट उजेडात धरली, की वाढ झालेल्या खळग्यांच्या तळाशी पांढरी टिकली दिसते. अशी खळग्यांची प्लेट हंगेरीतल्या ज्युला ताकाची यांनी १९५०च्या सुमारास इन्फ्लुएन्झाच्या कामासाठी घडवली. पण खरी नवलाची गोष्ट आहे खळग्यातल्या द्रवाची.

त्याचं नाव आरपीएमआय-१६४०. पहिली चार अक्षरं बफेलोच्या रॉझवेल पार्क मेमोरियल इन्स्टिट्यूट या कर्करोग संस्थेची. जॉर्ज मूर आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात तो माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी बनवला. मग बुरशीतज्ज्ञांनी तो का उचलला?

रक्तातल्या पेशींना जे मानवतं त्यात औषध शरीरातल्यासारखं वागेल, असं एक उत्तर देता येतं. मला ते पटत नाही. चाचणीच्या द्रवात सीरम नसतं, आणि रक्तात औषधं प्रथिनांना चिकटतात ती गोष्टच इथे उरत नाही.

माझा संशय फ्लुसायटोसिन या औषधावर आहे. १९५७मध्ये ते कर्करोगासाठी तयार झालं, तिथे निकामी ठरलं आणि १९६४मध्ये कँडिडा या यीस्टवर लागू पडलं. डीएनएतल्या सायटोसिनचं सोंग घेऊन ते यीस्टच्या पेशीत शिरतं. पेप्टोन किंवा यीस्टचा अर्क घातलेल्या माध्यमात मात्र खरं सायटोसिन आणि त्याचे भाऊबंद आधीच हजर असतात, म्हणून चांगलं औषधही तिथे दुबळं भासतं. घटक न् घटक ठाऊक असलेलं माध्यम हवं, हा हट्ट माझ्या मते याच औषधाने धरायला लावला. कर्करोगावर हरलेलं औषध अशा रीतीने कर्करोग संस्थेचं माध्यम बुरशीच्या टेबलावर घेऊन आलं!

यावर आक्षेप रास्त आहे: घटक ठाऊक असलेलं वायएनबी (यीस्ट नायट्रोजन बेस) हे माध्यम आधीपासून वापरात होतंच, मग तेच का नाही? पेशी वाढवणाऱ्यांमुळे आरपीएमआय सगळीकडे तयार मिळत होतं आणि प्रत्येक खेप सारखी निघत होती, त्यानेच पारडं फिरलं असणार. १९८२मध्ये अमेरिकेत या चाचणीसाठी समिती बसली, १९९७मध्ये प्रमाण पद्धत पक्की झाली. युरोपने माध्यम तेच ठेवलं, फक्त ग्लुकोज ०.२ टक्क्यांवरून २ वर नेलं.

या निवडीची किंमत अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध मोजतं. आरपीएमआयमध्ये वाढ थांबवणाऱ्या त्याच्या मात्रेचे आकडे मोजक्या खळग्यांत दाटीवाटीने बसतात, आणि दाद देणारं व न देणारं यीस्ट वेगळं काढणं कठीण जातं. २००९मध्ये जपानात नोंदलेल्या कँडिडा ऑरिस या यीस्टसाठी हे जिवावरचं आहे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने दाद न देण्याची तात्पुरती सीमा मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम धरली आहे, म्हणजे १ आणि २ यांच्यात एकाच खळग्याचं अंतर. प्लेटऐवजी ई-टेस्ट या औषध लावलेल्या पट्टीवर १.५ आलं, तर ते २ धरा असंही सीडीसी सांगते.